टाका

जहऱ्याच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये
तुझ्या पापणीत मीच घातला टाका.
सुई अम्मीची,
बटणं तुटली तर लाव म्हणून दिलेली.

बू मिशारीला बावीस ससाणे दिले.
तू तेविसावी.

अब्बांच्या डायलिसिसचे दिनार
त्यानं कधी वहीत लिहिले नाहीत.
म्हणाला, आपल्यात कसला हिशेब, मुराद.
त्याच एका वाक्यावर
कबुतराच्या पाठीला फासे बांधून
अकरा हिवाळे वाळूत पालथा पडून राहिलो.

अब्बा रजबमध्ये गेले.
वही अजून कोरीच.
मिठाला जागावं, हे हर्णैत शिकलो;
कुठवर, ते कुणी सांगितलं नाही.

हलू नकोस.
मोबाइलच्या उजेडात दोरा नीट दिसत नाही,
टाका घालताना हात असा कापत नव्हता.
अंगठा फोडलास? बरं केलंस.

एक डोळा उघडला.
पिवळ्या कडेच्या आत काळंभोर,
आणि त्यात मी, कबुतराएवढा.

बाहेर गाडी थांबली. लवकर आला.
दुसरा टाका अजून तसाच.
दार मी मघाशीच सताड उघडलंय,
चहाही
दोघांचा ठेवलाय.