वाजवून बघितलास का

चार फोटो, एकाच आभाळाचे,
मध्ये थोड्या थोड्या मिनिटांचं अंतर.
एकामागून एक उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे.
तारे ठोकल्यासारखे जागच्या जागी
आणि एक ठिपका, असेल-नसेल असा,
सरकतो,
रेशनच्या रांगेत हळूच पुढे घुसणाऱ्या माणसासारखा.

मंगळवारी पहाटे सव्वातीनला सापडला तो मला,
वाघोलीत, बंद खाणीमागच्या आमच्या खोलीत.
वायफाय शेजारच्या सोसायटीचं,
पासवर्ड तिथल्या वॉचमनने दिलेला.

अण्णा जागेच होते.
आडवं पडून त्यांना झोप येत नाही,
बत्तीस वर्षांची खडी छातीत आहे.
भिंतीला टेकून म्हणाले, काय गं यल्लू, काय घावलं?
दगड, म्हटलं.
मंगळाच्या पल्याड, गुरूच्या अल्याड.

किती लांब, ते त्यांनी विचारलं नाही.
विचारलं, काळा का तांबडा?
मधनं पांढरी शीर हाय का?
आणि मग, वाजवून बघितलास का?

अण्णा दगड वाजवून घ्यायचे.
हातोडीची एक टिचकी, मान तिरकी.
खणखणीत बोलला तर पाट्याला,
बद्द बोलला तर खडीला.
मी जन्मल्यावर रडले तेही त्यांनी असंच ऐकलं असणार.
शाळेत घातलं.

त्याला हात लागत नाही, अण्णा. उजेड लागतो.
सूर्याचा उजेड त्याच्यावर पडून परत येतो,
येताना जरा कमी होऊन येतो.
काय कमी पडलं त्यावरून दगडाची जात कळते.

म्हंजी मुकादमावानी, म्हणाले.
हप्त्यातनं काय कापलं, त्यावरनं माणूस कळतो.

मी सांगितलं,
तिकडच्या बऱ्याच दगडांत सापडतं ते एक खनिज
आपल्या काळ्या कातळातही असतं.
अण्णांनी हात खाली टेकवला.
खाली फरशी, फरशीखाली मुरूम, मुरमाखाली तोच.

तिथे एक ग्रह व्हायचा होता म्हणे.
गुरूने होऊ दिला नाही.
साइट बंद पडली, राडारोडा तेवढा फिरतोय,
आणि ‘येथे राडारोडा टाकू नये, हुकूमावरून’
असा बोर्ड लावायला महापालिका अजून पोचलेली नाही.

आई पेठांतून ओरडत हिंडायची,
टाकीऽऽ लावायची का, पाट्याला, जात्याऽऽला.
मग घरोघरी मिक्सर आले,
एका घराने तर पाटा तिलाच देऊन टाकला, घेऊन जा म्हणून.
तो डोक्यावर घेऊन ती स्वारगेटपर्यंत चालत आली,
कंडक्टरने बसमध्ये चढू दिलं नाही.

टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
ह्याने साडेचारशे कोटी वर्षं सोसले,
बाकीच्या दगडांचे,
आपल्याच भावकीचे.
शेंदूर घेऊन कोणी गेलं नाही.
नवसही नाही, नारळही नाही.
नुसता फिरतो,
एक अंग उजळ, एक अंग अंधारात,
कूस बदलत.

मी फोटो पाठवून दिले
आणि उत्तराची वाट बघत बसले.
त्यातल्या एका दिवशी ससूनला गेलो.
डॉक्टर पोरगेलासा होता.
अण्णांच्या पाठीवर बोट ठेवून
त्यावर दुसऱ्या बोटाने ठक ठक करत खाली आला.
अण्णांनी मान तिरकी केली.
बद्द, म्हणाले.
डॉक्टरच्या आधी.

अकराव्या दिवशी मेल आला.
हा आधीच नोंदलेला आहे,
त्याला क्रमांक आहे, सहा आकडी.
सहभागाबद्दल आभार.

मी लॅपटॉप मिटला.
अण्णा बघत होते.
दुसऱ्या कुणाला तरी आधीच घावला होता, म्हटलं.
त्यो आन् तू, एकमेकाला वळखत नाय?
नाही.
तरी दोघांनी त्यो बघितला?
हो.

मग हाय की खरा, म्हणाले,
आणि डाव्या कुशीवर वळले.
त्या कुशीवर त्यांना श्वास बरा येतो.