बारा टक्के

रबाळ्याच्या शेडमध्ये बंदूक सुरू झाली
की कानातले बोळेसुद्धा थरथरतात.
काचेपलीकडे हसुराम मढवी,
आणि ज्वाळा, जिच्याकडे थेट बघायचं नसतं.
पांढरी भुकटी तिच्यात शिरते,
क्षणभर थेंब होते,
मग पात्यावर आपटून चपटी,
भिंतीवर गोवरी थापावी तशी.
थापेवर थाप, शेकडो,
पण कुणीच कुणाला पुरतं चिकटत नाही.
जिथे चिकटत नाही तिथे हवा राहते.
ती मोजायचा मला पगार.

कापते. राळेत बसवते. घासते.
हात जड पडला तर कण उपटून निघतात
आणि नसलेली भोकं दिसायला लागतात.
पहिल्या वर्षी अशी कितीतरी खोटी भोकं
मी इमानदारीनं मोजली.

मागच्या महिन्यात नवे मॅनेजर म्हणाले,
एवढी भोकं? गिऱ्हाइकाला काय दाखवायचं?
करंट वाढवा, बंदूक जवळ घ्या.
घेतली.
थर आला दाट, गुळगुळीत,
बाथरूमच्या टाइलसारखा. साडेतीन टक्के.
हसुरामनं नखानं टिचकी मारली,
आवाज ऐकला, बोलला काहीच नाही.
भट्टीत घातल्यावर खालचा धातू
नेहमीपेक्षा चाळीस अंश जास्त तापला,
आणि सत्तराव्या फेरीला
थर पापुद्र्यासारखा उठून
ट्रेमध्ये पडला.

मग उलट टोक. बंदूक लांब,
एकोणीस टक्के. उष्णता अडली खरी,
पण बोट फिरवलं तर खडूसारखी पूड.

चहाला हसुराम म्हणाला,
"माजा बापूस मिठागरान व्हता.
वाफ्याचा तल पायानी तुरवाचा.
येक भोक ऱ्हायला
का पानी गेला, मीठ गेला.
आन् मना भोकांचा पगार."
खाडीकडे हात केला त्यानं,
जिथे आता गोदामांचे निळे पत्रे.
मी हसले. मॅनेजरही हसले, जरा उशिरा.

अहवालात एकाच आकड्याची जागा आहे.
भोक आडवं आहे की उभं, ते विचारत नाहीत.
आडव्या फटी उष्णतेची वाट अडवतात,
उभ्या थराला ताणू देतात;
दोन्ही त्याच आकड्यात.
आणि हेही कुठे लिहायचं नसतं,
की ज्या आगीपासून वाचवायचं
तीच आग रोज थोडी थोडी
भोकं बुजवत जाते.
मी लिहिते तो आकडा फक्त आजचा.

आज पुन्हा जुनं अंतर, जुना करंट.
भिंगाखाली राखाडी शेत,
त्यात काळे ठिपके,
वेडेवाकडे, एकही दुसऱ्यासारखा नाही.
दोनदा मोजलं.

"किती?" दारातूनच.
"बारा. बारा पूर्णांक एक."
"ऱ्हाव दे."

बेसिनपाशी तो हात धुतो,
बराच वेळ.
नखांत पांढरी भुकटी,
मिठासारखीच दिसते,
फक्त विरघळत नाही.