दुसरं बक्षीस

बझर म्हणजे दारावरची बेल होती.
आमच्या टेबलावरची चिमणीसारखी चिवचिवायची,
मुलुंडच्या शाळेची डिंग-डाँग.
बाकी सगळं खरं होतं : दोन कॅमेरे, तीन हॅलोजन,
लग्नाच्या हॉलमधल्या लाल महाराजा खुर्च्या,
थर्माकोलात कापलेलं ‘ज्ञानदीप’,
ज्याची वेलांटी आदल्या रात्री गळली
आणि भातानं चिकटवली.
सौजन्य, भांडुप पश्चिमचं फरसाण मार्ट.
त्यांच्या चकल्या अध्यक्षांपुढे बशीत होत्या
आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही,
असं बाईंनी रिक्षातच बजावलं होतं.

चॅनल केबलवाल्या भोईरांचं.
एरवी त्यावर साड्यांचे सेल, कुणाच्या तरी मुंजीचं शूटिंग
आणि रात्री अकरानंतर ढापलेले पिक्चर.
त्या वर्षी, शहाण्णव साली, त्यांना वाटलं
मुलांसाठी काहीतरी करावं.

मोने सर प्रश्न आधी इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत.
मधल्या पोकळीत
डिंग-डाँग होऊन जायचं.
तरी अस्लम दळवीनं सगळ्या राजधान्या काढल्या,
मी कॅप्टन, मी नुसता माइक धरला,
आणि शेवटच्या प्रश्नाला आम्ही बरोबरीत होतो.
सत्तर, सत्तर.

मुंबईला पाणी पुरवणारे तलाव किती?

मराठी यायच्या आत चिमणी ओरडली.
दर्शना तोडणकर. तिचे बाबा पाणी खात्यात,
पहाटे साडेतीनला सायकलवर लोखंडी चावी आडवी टाकून निघायचे,
रस्त्यातलं झाकण उचलायचे, कमरेत वाकून
आटे मोजत फिरवायचे,
आणि मग आमच्या चाळीतले हंडे
एकदम बोलायला लागायचे.
तिनं माझ्या कानात सगळी नावं सांगितली,
विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर,
अप्पर वैतरणा, भातसा,
घरातल्या माणसांची सांगावीत तशी.
मी माइकमध्ये म्हणालो, सहा.

मोने सरांनी कार्ड पाहिलं.
कार्ड उलटून पाहिलं.
“सॉरी. पाच.”

तिसऱ्या रांगेत तोडणकर काका उठले.
पुरते नाही, खुर्चीच्या हातांवर भार टाकून
अर्धे.
हॉलमध्ये पंख्यांचा आवाज.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कॅप्टन मी होतो
आणि माइक माझ्या हातात होता.

मी म्हणालो, थँक यू सर.

ते बसले.
प्रश्न पुढे सरकला, डिंग-डाँग, पाच, टाळ्या.
त्यांना ढाल. आम्हाला थर्मास,
तिघांत एक.

रविवारी पाच वाजता सगळी चाळ आमच्या टीव्हीसमोर.
तो प्रश्न आलाच नाही.
सत्तर-सत्तर होतं, दर्शनाची वेणी पुढे होती,
पुढच्याच क्षणी वेणी मागे
आणि ते ऐंशी.
“असं कसं?” आई म्हणाली.
कुणी काही बोललं नाही. कुणीतरी आवाज वाढवला.
दर्शना उठून खाली गेली, इस्त्रीचे कपडे आणायला.
रविवारी इस्त्रीवाला बंद असतो.

सोमवारी मोने सरांच्या सोसायटीत
पाणी चाळीस मिनिटं उशिरा आलं, असं म्हणतात.
तक्रार गेली, वॉर्ड ऑफिसातून माणूस आला.
काकांनी लेखी उत्तर दिलं :
वॉल्व्ह जाम होता.
मी एकदा विचारलं त्यांना, खूप वर्षांनी,
रिटायर झाल्यावर.
“जामच होता रे,” ते म्हणाले,
आणि सुपारी कातरत राहिले.

थर्मास महिना महिना वाटून घ्यायचं ठरलं होतं.
पहिला महिना दर्शनाचा. दुसरा कुणी मागितलाच नाही.
काका तो चावीबरोबर हँडलला बांधून न्यायचे,
रस्त्यातल्या झाकणाशेजारी उकिडवं बसून
चहा प्यायचे, पाणी चढेपर्यंत.
थर्मासचं झाकण पहिल्याच आठवड्यात हरवलं.
मग त्यावर
स्टीलची वाटी पालथी घातलेली असे.