लसीचा डबा

मुखेड सुटलं की डांबर संपतं,
मग मुरूम, मग नुसती गाडवाट,
मग तीही नाही.
पवन्या दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भेटलेला.

गाडी बोरीला टेकवतो.
खांद्याला लसीचा डबा, पायमोज्यांत कुसळं.
माळावर एक घर दिसतं. दिसतंच राहतं.
अर्धा तास चाललो तरी तेवढंच.

धुरपताबाई चालण्यावरून ओळखते.
"सा म्हैने झाले माणूस बघून,"
मग स्वतःच हिशेब सुधारते,
"न्हाई, मधी एक मधवाला आल्ता."

गुरं एकेचाळीस, लाल कंधारी.
माणसं दोन, त्यातलं एक
गुरांमागं टेकडीपल्याड.

शेजारी?
ती बोट करते. आभाळाच्या कडेला
धुराची एक बारीक रेघ.
"सटवाजीचं. आज उशिरा निगाला धूर.
उद्या न्हाई दिसला तर
जाऊन बघावं लागंल."

दिवस कलता गुरं उतरली,
आधी तांबडी धूळ, मग शिंगं.
शेवटची सुई टोचली तेव्हा
हात दिसत नव्हता.

डब्यात तळाला थोडा बर्फ उरला होता.
तिनं तो मागून घेतला,
आणि ओंजळीत धरून
उभी राहिली, संपेपर्यंत.