निवड करा, मग पुढे

रुवीत, बँकेच्या मागच्या गल्लीत,
जिन्याखालच्या दुकानात मी फोन उघडतो.
अठरा वर्षं झाली.
पाटीवर नाव कुन्हाली शेठचं, आत हात माझे,
आणि परवान्यावर एका ओमानी गृहस्थाचं नाव,
ज्याला मी दोनदाच पाहिलंय.
दोन्ही वेळा तो चहा नको म्हणाला.

काल एक डच बाई आली,
मत्र्याच्या धक्क्याला शिडाचं जहाज लागलंय, त्यावरची.
फोन समुद्रात पडलेला.
मी तो खोलला, वाळवला,
खाऱ्या पाण्याची हिरवी बुरशी ब्रशने खरवडली,
बॅटरी बदलली, सगळं पुसून
पहिल्या दिवसाचा केला.
त्याने भाषा विचारली. दिली.
वायफाय विचारलं. दुकानाचं दिलं.
मग तो थांबला आणि म्हणाला,
तुम्हाला कुठला ब्राउझर हवा?
खाली अकरा नावं, प्रत्येकापुढे एक रिकामा गोल.
तळाशी फिकट अक्षरांत:
निवड केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी चिमटा खाली ठेवला.

या काउंटरवर किती फोन पहिल्या दिवसाचे केले,
एकानेही कधी असं विचारलं नाही.
जे असायचं ते असायचं,
कॅम्पातल्या पलंगासारखं, वरचा की खालचा
हे आधी सोडून गेलेल्याने ठरवलेलं.

तिच्या देशात तसा कायदा आहे, कुन्हाली शेठ म्हणाला.
म्हणून फोन विचारतो.
आणि आपल्या फोनला?
आपल्या फोनला आपण कव्हर फुकट देतो.

मला भरमू आठवला. निपाणीचा, वादी कबीरला सुतारकाम करतो.
एकदा रात्री नऊला आला, कपाळावर भुसा.
कामाच्या बदलीचा अर्ज भरला होता पूर्ण,
फक्त शेवटचं बटण दिसत नव्हतं.
कुणीतरी सांगितलं, दुसरा ब्राउझर टाक.
त्याने चार टाकले होते.
चारही मी उघडून पाहिले. चारहींत बटण नाही.
म्हटलं, भरमू, ही नावंच फक्त चार.
आत इंजिन एकच. फोन बनवणारा
दुसरं बसवूच देत नाही.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग चार कशाला ठेवलेत?

हर्णैच्या बंदरात आमच्या होड्या लागायच्या,
कुणाची निळी, कुणाची शेंदरी,
एकीवर खंडोबा, एकीवर चाँदतारा, एकीवर नुसता नंबर.
पहाटे डोळे मिटून ऐकलं
तर सगळी मिळून एकच होडी निघालेली.
एकाच कारखान्याची धडधड.
पार्ट त्यांचा, तेल त्यांचं, मेस्त्री त्यांचा.
बाबा म्हणायचे, उडदामाजी काळे गोरे.
आणि आमचीच होडी सगळ्यांत देखणी, असंही म्हणायचे.

भरमूला मी समोरच्या टायपिंगवाल्याकडे पाठवलं,
जुना कॉम्प्युटर, पंखा घरघरणारा.
तिथे बटण होतं. कोपऱ्यात, हिरवं.

तर हा फोन, आणि हे अकरा गोल.
बाईंना विचारावं तर फोन कुठे करू?
त्यांचा फोन माझ्या हातात.
मी एका अनोळखी नावावर बोट ठेवलं. उचललं.
दुसऱ्यावर ठेवलं. गोल भरला.
परत रिकामा केला.
पडदा विझत आला की मी काच हलकेच शिवायचो,
आणि तो पुन्हा विचारायचा.
असा दुपारभर. तीन गिऱ्हाइकं थांबून राहिली,
एक निघून गेलं. शेठने दोनदा खाकरून पाहिलं.

आठला बाई आली, केस ओले, घाईत.
मी फोन दोन्ही हातांनी पुढे केला.
म्हटलं, मॅडम, हे तुम्हीच.
तिने वाचलंही नाही. जे नेहमीचं,
सगळ्यांकडे असतं,
त्यावर अंगठा दाबला
आणि म्हणाली, किती झाले?

बारा रियाल, मी म्हणालो.
बॅटरीचे.