दुसरी चूल

भिंतीवर अजून मामाजींचं नाव आहे,
पिवळ्या पट्टीत, तांबड्या अक्षरांत:
लाभार्थी सिताराम बळीराम ठमके.
खाली वर्ष, त्याखाली रक्कम,
आणि क्षेत्रफळ, दोनशे एकोणसत्तर चौरस फूट.
पेंटरनं ठमकेतला ठ जरा फुगवून काढला.
घरात तेवढीच एक गोष्ट ऐसपैस.

ते नाव लिहिलं तेव्हा माणसं चार होती.
आता नऊ, आणि माझ्या पोटात
दहावं रात्री लाथा मारतं.
त्यालाही कूस बदलायला जागा हवी.

मामाजी बाहेर टिनाखाली बाजेवर, हिवातसुद्धा.
म्हणतात, मले आत गुदमरते.
कुणाला खरं वाटत नाही, कुणी खोडूनही काढत नाही.
ओट्यापाशी आत्याबाई, दोन्ही कुशींत दोन नाती.
मग दोरीवर साडी.
साडीपलीकडे कुंतीताई, दिनबाभाऊजी, त्यांचा पोरगा,
अलीकडे आम्ही दोघं, पाय कोठीला टेकवून,
उशाशी रिकामं सिलिंडर, त्यावर टीव्ही.

रात्री बांगडी वाजली
की साडीपलीकडून खोकला येतो.
थोड्या वेळानं आमच्याकडूनही एक जातो,
पोच दिल्यासारखा.

लग्नाला चार वर्षं झाली,
प्रफुलशी मी घरात एकदाही भांडले नाही.
भांडायला आम्ही नाल्यावर जातो,
धुण्याचं निमित्त करून.

मग पंचायतीत कळलं, नवी यादी निघते आहे.
पण एका कार्डावर दुसरं घरकुल बसत नाही.
आधी विभक्त व्हा, ऑपरेटर म्हणाला,
पडद्यावरची नजर न काढता,
आधी अंगठा पुसा म्हणावं तसं.

आत्याबाईंनी तो शब्द घरी आणला
पदरात विंचू बांधून आणावा तसा.
"माह्या घरात कोनी इभक्त नाई."
दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत,
भाकरी मात्र नऊ जणांच्या थापल्या.

तहसिलीचे चार हेलपाटे, कार्डं दोन झाली.
आता चौकशीला माणूस येणार,
चूल वेगळी आहे का बघायला.
कुंतीताईनंच माती कालवली,
कुटार घालून, गुडघ्यापर्यंत हात भरवून,
न्हाणीच्या आडोशाला थापली.
"दाखवापुरती हाये. साहेब गेला का मोडून टाकू."

साहेब आले. मोबाइलवर फोटो:
मी, चूल, चुलीवर चहा.
"ताई, जरा मागं सरका, पूर्ण मावत नाही तुम्ही."
मागे न्हाणीची भिंत होती.
तरी सरकले.

त्या दिवशी चूल मोडायची राहिली,
गरम होती म्हणून.
दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर पाणी तापवलं.
तिसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी केली,
माझी आई करते तशी, लसूण जास्त,
दोघांपुरती.
प्रफुल समोर उकिडवा बसून जेवला
आणि मला किती बरं वाटलं
याचीच मला भीती वाटली.
कुंतीताईला वास गेलाच असणार.
ती काही म्हणाली नाही.
मीही वाटी नेऊन दिली नाही.

काल हिव फार होतं.
मामाजींनी बाज फरफटत आणली,
चुलीशी लावली, घोंगडी ओढली.
"इकडे कमी लागते."
आतून आत्याबाई कडाडल्या,
"आता तुमीही इभक्त झाले का?"
साडीपलीकडून आवाज आला,
मला वाटलं खोकला.
कुंतीताई हसत होती, तोंडात पदर कोंबून,
आणि मग आवरेना तिला, मलाही.
पोरी उठल्या. बाळ थांबलं लाथा मारायचं.

यादी अजून लागलेली नाही.
सकाळी मी चुलीतली राख काढते,
अर्धी आत्याबाईंच्या भांड्यांना,
अर्धी माझ्या तव्याला.
आज वाटीभर भाजीही काढून ठेवली आहे,
कशी द्यावी, काय म्हणून द्यावी,
तेवढं ठरत नाही.