मोजणीबाहेर

तार्तूच्या तळघरात सकाळ खटक्याने होते.
सहाला दिवे लागतात,
दोनशे चाळीस उंदीर माझ्या बुटांचा आवाज ओळखतात.

लाल चिठ्ठीवाल्यांना डुकराची चरबी,
निळ्यांना माशाचं तेल,
पिवळ्यांना तेलतुपाचं नावच, फारसं काही नाही.
दर मंगळवारी मी एकेकाला काट्यावर ठेवते.
लालांच्या अंगावर मूठभर मांस चढलंय,
मूठभर म्हणजे त्यांच्याएवढंच आणखी एक.
तेलकट केसांनी भुशात पसरून असतात,
आणि वर्ष-सव्वा वर्षात पाठीला बाक.
पिवळे रात्रभर जाळी कुरतडतात.
सिरेट म्हणते, बहुधा हेच जास्त जगतील.
मी म्हणते, जगू देत, पण झोपतात कधी?
ती हसते. तिशीची आहे,
डब्यात नुसता पाला आणते.

निळ्यांची पिशवी मी सगळ्यात शेवटी उघडते.
त्या वासाचा माझ्या घरात एक माणूस होता.
काल्यु. पैप्सी तळ्यावरचा.
बाह्यांना तो वास, उशीला तो वास,
लग्नाच्या कोटालासुद्धा.
धुरावर टांगलेला मासा सोलून
बोटं चाटत म्हणायचा,
"हेल्वे, तेल घातलं की बिजागरी कुरकुरत नाही,
मग माणूस कशाला कुरकुरेल?"
बासष्टाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले,
हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे.
त्याच मार्चमध्ये
तळ्यावरच्या बर्फाला त्याचं वजन पेललं नाही.

परवा एका निळ्या पिंजऱ्यात
पाण्याची बाटली रात्रभर गळली.
सकाळी भुसा तरंगत होता,
आणि एकशे अठरा नंबर.
केस चमकदार, दात शाबूत.
वजन एकतीस ग्रॅम. ओलं होतं,
म्हणून पुसून पुन्हा घेतलं.

सिरेटने वहीतला रकाना दाखवला.
गाठीने, यकृताने, वयाने गेले ते मोजायचे.
बुडाला तो नाही.
"यात तेलाचा दोष नाही, श्रेयही नाही.
आलेखावर त्याच्यासाठी फक्त एक खूण:
इथपर्यंत होता, पुढचं माहीत नाही."
तिने काढून दाखवली.
पापणीच्या केसाएवढी, उभी.
रेषा तिथे खाली उतरत नाही,
तशीच पुढे जाते.

मी विचारलं, आणखी किती जगला असता?
ती म्हणाली,
ते निळ्यांतले उरलेले सांगतील.

शनिवारी बाजारात गेले.
काल्युच्या होडीवरच्यांपैकी एक ओस्वाल्ड उरलाय,
ऐंशीचा, दात दोन,
अजून स्वतः बर्फाला भोक पाडतो.
मी मासे घेतले, सुटे पैसे घेतले,
तरी उभी राहिले,
त्याच्या पाठीकडे, मनगटाकडे,
श्वास किती वेळाने लागतो त्याकडे बघत.

"काय गं," तो म्हणाला,
"मलाही काट्यावर ठेवतेस की काय?"